क्षयरोग्याचे घर आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी यंदा आम्हांस आरोग्यविषयक संशोधनावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक; सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना गिरविण्यास शिकविण्यात गेला. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार काडीइतकाही नाही. तरीही ही आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानली, त्यास कारण आहे. आणि ते कारण म्हणजे आमच्याच हातून घडलेला एक अन्याय होय.

१९८४ साली आमच्या वर्गात एक हुशार विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांना क्षय झाल्याची कुजबूज गावात सुरू झाली. चार पालकांनी येऊन सांगितले आणि आम्ही ते ऐकले. त्या मुलास आम्ही शेवटच्या बाकावर एकटे बसविले व पाण्याच्या माठाला हात लावू नकोस, असे बजावले. मुलगा एक शब्दही बोलला नाही. आठवडाभराने तो शाळेत येईनासा झाला. पुढे कळले की, लोकांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्याचे वडील दवाखान्यात जाण्याचेही टाळू लागले होते. औषध अर्धवट राहिले आणि वर्षाच्या आत ते गृहस्थ निवर्तले. त्या मुलाची मान खाली घातलेली मूर्ती आजही आमच्या डोळ्यांपुढून हालत नाही.

सज्जनहो, त्या वेळी आम्हांस जे ठाऊक नव्हते, ते मद्रास येथे पंचवीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते, हे आम्ही निवृत्तीनंतर वाचले आणि मन खिन्न झाले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढला व २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे तो जाहीर केला. पुढे पाऊणशे वर्षे जगाची समजूत अशी की, रुग्णास घरातून उचलून सॅनटोरियममध्ये ठेवावे. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार याविना तरणोपाय नाही. परंतु आपल्या देशात रुग्ण अगणित आणि खाटा मूठभर. तेव्हा १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला एक केंद्र उभारले. शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटास सॅनटोरियममध्ये व दुसऱ्यास घरीच ठेवून दोघांनाही वर्षभर तीच औषधे देण्यात आली.

चिठ्ठ्या कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही शिक्षकाच्या भाषेत सांगतो. सारी हुशार मुले एका तुकडीत घातली आणि कच्ची मुले दुसरीत, तर कोणत्या गुरुजींचे अध्यापन चांगले, हे निकालावरून कसे ठरणार? मुले सरमिसळ वाटली, तरच खरा न्याय होतो. संशोधनाचे मर्म ते हेच.

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोंदट खोलीत राहणारे आणि बेताचे अन्न खाणारे घरचे रुग्ण सॅनटोरियममधील रुग्णांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, औषध चालू असलेला रुग्ण घरी राहिल्याने कुटुंबीयांना अधिक लागण झाली, असे पुढील काही वर्षांच्या पाहणीतही आढळले नाही. कारण खरा धोका रोग ओळखला जाण्यापूर्वीच्या काळात असतो. योग्य औषध सुरू होताच संसर्गाची शक्ती झपाट्याने उतरते. शिवाय हा जंतू खोकल्यावाटे हवेतून पसरतो, पाण्याच्या माठातून नव्हे!

मग अन्नाला काहीच महत्त्व नाही काय? या प्रश्नाचे उत्तर अलीकडे झारखंडमध्ये मिळाले. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे त्यात होती. औषधे चालू असलेल्या सर्व रुग्णांना सहा महिने शिधा दिला गेला. मात्र घरच्या इतर माणसांना शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या निम्म्या विभागांतच दिल्या. कोणते विभाग, हेही चिठ्ठीनेच ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांना शिधा मिळाला, त्या घरांतील माणसांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. ही काही दुर्मिळ मात्रा नव्हे. हा साधा डाळभात आहे.

या दोन्ही प्रयोगांचा मेळ असा घालावा : रोग बरा करते ते औषध, आणि घरच्यांचे रक्षण करते ते भरलेले ताट. अन्न हा औषधाला पर्याय नव्हे. औषध मध्येच सोडणे म्हणजे रोगास पुन्हा आमंत्रण देणे होय.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. आपली ज्ञाती त्यातून वगळली गेली आहे, असे कोणी समजू नये. आपल्याकडे रोग होत नाही असे नव्हे, तो दडविला जातो. मुलीचे लग्न मोडेल, सोयरीक जुळणार नाही, या भयाने खोकला ‘साधा’ ठरतो. दोन आठवडे खोकला हटला नाही, तर तपासणी करून घ्यावी, इतका विवेक तरी आपण बाळगावा. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध विनामूल्य आहे. आहारासाठी रुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. संस्थांनी रुग्णांना शिधा पुरवावा, अशी ‘नि-क्षय मित्र’ योजनाही २०२२ पासून आहे.

म्हणून आमची मंडळास नम्र विनंती आहे. विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणेच मंडळाने शिध्याचा एक लहानसा निधी उभारावा आणि प्रतिवर्षी निदान पाच घरांचा सहा महिन्यांचा भार उचलावा. रुग्णाची संमती घ्यावी, त्याचे नाव अहवालात छापू नये, आणि घर कोणत्या ज्ञातीचे आहे, हे विचारू नये; जंतूही ते विचारीत नाही. आमच्या निवृत्तिवेतनातून एका घराचा शिधा आम्ही या क्षणी मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत.

शेवटच्या बाकावर बसविलेल्या त्या मुलाचे ऋण याने फिटणार नाही. परंतु तुमच्या घरातील, शेजारातील कोणाही मुलावर ती पाळी येऊ नये, एवढेच मागणे आहे.