मुले जेथे, शाळा तेथे



हजेरीपटावर नावे आहेत आणि वर्गात मुले नाहीत, ही अडचण खेड्यातील शिक्षकास समजावून सांगावी लागत नाही. अनुताई वाघ यांच्यापुढेही तीच उभी होती.

त्यांचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा. बालवयातच वैधव्य आले. त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांच्यासमवेत त्या बोर्डीस गेल्या व १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले.

तेथील वारली मुले शाळेत येत नसत. त्यांना ‘आळशी’ म्हणणे सोपे होते. पुष्कळांनी तसे म्हटलेही असेल. परंतु कोणास गुरे राखावयाची होती, कोणास धाकटे भावंड. तेव्हा बालवाडीच पाड्यातील अंगणात भरू लागली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आली. म्हणजे भावंडास कडेवर घेऊन आलेल्या मुलीस दारातून परत फिरावे लागू नये. साधनांसाठी पैसा नव्हता, पण बिया, शिंपले, पाने, खडे यांना तोटा नव्हता. मोजणी त्यांवरच शिकविता येई.

उरले गुराखी. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात जाई, आणि गुरांवर नजर ठेवूनच मुलांनी अक्षरे गिरवावयाची असत.