मुंग्यांच्या घरचा आयता पाहुणा



'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण सगळेच वापरतो. कष्ट एकाने करावेत आणि आत जाऊन दुसऱ्याने बसावे, असा प्रकार दिसला की ती आपोआप तोंडात येते. नागोबा तरी हातभर लांब, चटकन नजरेस पडणारा. आज मी ज्या आयत्या पाहुण्याची हकीकत सांगणार आहे, तो राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर लांब आहे. तो एक भुंगेरा आहे. आणि त्याला मरून सुमारे ५ कोटी २० लाख वर्षे झाली आहेत!

इतका जुना किडा सापडला तरी कुठे? परदेशात नव्हे, आपल्या शेजारीच. गुजरातच्या सुरत जिल्ह्यात तडकेश्वर नावाचे गाव आहे. नवापूर-नंदुरबारकडच्या श्रोत्यांना ते काही फार लांब नाही. तिथे लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची खाण आहे. या कोळशाच्या थरांत मधूनमधून पिवळसर, काचेसारखे खडे मिळतात. हे खडे म्हणजे पुरातन झाडांची राळ. आपल्याकडे धूप घालायला साल वृक्षाची राळ वापरतात ना, त्याच साल वृक्षाच्या कुळातली ती झाडे होती. झाडाला जखम झाली की चीक वाहतो. त्यात एखादा किडा अडकला तर बाहेर पडत नाही. चीक वाळतो, पुरला जातो आणि युगानुयुगे दगडासारखा टिकतो. आतला किडा पाय, मिशा, अंगावरचे केस यांसकट जसाच्या तसा राहतो.

तो काळ कसा होता, ते जरा डोळ्यांपुढे आणा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ थंड होऊन तेव्हा सुमारे १ कोटी ४० लाख वर्षे लोटली होती. हिमालय मात्र आजच्यासारखा उभा राहिलेला नव्हता. माणूस तर फारच दूरची गोष्ट. पण गुजरातच्या त्या दमट रानात मुंग्या होत्या. त्यांचा आजचा अफाट पसारा तेव्हा कुठे वाढू लागला होता.

या खाणीतल्या एका खड्यात तो भुंगेरा मिळाला. अमेरिकेतले जोसेफ पार्कर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी या दोन शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध केले. नाव ठेवले 'प्रोटोक्लॅव्हिजर ट्रायकोडेन्स'. नाव अवघड वाटेल, पण ते फोडून पाहिले तर गोड आहे. 'क्लॅव्हिजर' म्हणजे लॅटिनमध्ये गदा धारण करणारा. या किड्यांच्या मिशा टोकाला जाड, गदेसारख्या असतात. 'प्रोटो' म्हणजे आद्य. तेव्हा आपल्या भाषेत याला 'आद्य गदाधर' म्हणायला हरकत नाही.

आता एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, तो किडा मुंग्यांच्या घरात राहत होता, हे कोणी पाहिले?" प्रश्न अगदी रास्त आहे. पाहिले कोणीच नाही. पण वाटेने एक माणूस चालला आहे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तर मेंढरे दिसली नाहीत तरी आपण म्हणतो, हा धनगर असावा. शास्त्रज्ञांनी तसाच अंगावरच्या खुणांवरून अंदाज बांधला. या गदाधरांच्या कुळातल्या सुमारे ३७० जातींची वर्णने २०१४ पर्यंत झाली होती, आणि हे कूळ मुंग्यांच्या आश्रयाने राहणारे म्हणूनच ओळखले जाते. त्यांच्या अंगाची ठेवण त्या राहणीला साजेशी असते.

ती ठेवण कशी, ते सांगतो. मुंग्यांच्या घरात परक्याला थारा नाही. एका वारुळातल्या मुंग्यांच्या अंगाला एकच वास असतो. वास जुळला नाही की फाडून खातात. मग या पाहुण्याने काय करावे? त्याच्या पोटाच्या बुडाशी केसांचे झुबके असतात आणि तिथे ग्रंथींतून स्राव पाझरतो. या स्रावाने मुंग्या भुलतात. त्या त्याला मारायचे सोडून चाटतात, जबड्यात अलगद धरतात आणि जिथे अंडी आणि पिल्ले ठेवलेली असतात, त्या बाळंतिणीच्या खोलीत नेऊन ठेवतात! मुंग्या एकमेकींना तोंडातून पातळ अन्न भरवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. या पाहुण्याचे तोंड तसा घास घेण्यासाठीच घडलेले असते. तो मुंगीकडून घास घेतो आणि वर तिचीच अंडी, पिल्ले खातो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसे आपण पाहिली आहेत. हा तर वासेच खातो.

युरोपात या कुळातला एक भुंगेरा आजही पिवळ्या मुंग्यांच्या घरात राहतो. त्याचे वर्णन १७९० सालीच झाले आहे. त्याला डोळेच नाहीत. अंधाऱ्या घरात दुसऱ्यांनी भरवायचे, दुसऱ्यांनी उचलून न्यायचे. मग डोळे हवेत कशाला? आयते खाण्याची किंमत ती अशी मोजावी लागली.

पण मग तडकेश्वरच्या किड्याचे एवढे महत्त्व का? या कुळातल्या आजच्या भुंगेऱ्यांच्या पोटाची वळी एकमेकांत मिसळून एकच घट्ट कवच झालेले असते. प्रोटोक्लॅव्हिजरची वळी अजून सुटी आहेत. केसांचे झुबके मात्र आलेले आहेत. म्हणजे स्वतंत्र शिकारी किडा आणि मुंग्यांचा पक्का आश्रित यांच्या मधली पायरी त्या खड्यात सापडली. त्यानंतर २०१९ साली म्यानमारच्या राळेतून दुसऱ्याच कुळातला, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा असा पाहुणा उजेडात आला. ही भिक्षेकरी मंडळी मुंग्यांच्या दारात किती काळापासून उभी आहेत, ते यावरून कळते.

नव्या जातीचे वर्णन करणे म्हणजे नुसते बारसे नव्हे. लिनियसने १७५८ साली प्राण्यांसाठी दुहेरी नावांची रीत पक्की केली. आधी आडनाव, मग नाव, शाळेच्या हजेरीत असते तसे. नव्या जातीचा एक मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. मिशीचे पेर न् पेर मोजावे लागते, जवळच्या सगळ्या जातींशी ताडून पाहावे लागते. आणि नमुना कुठे, कधी, कशात सापडला, याची चिठ्ठी सोबत हवी. ठावठिकाणा नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

इथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. मी भूगोल शिकवणारा माणूस, दगडामातीत रमणारा. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी माझा मुलगा काड्यापेटीत काहीतरी घेऊन आला. म्हणाला, "बाबा, हे बघा, मुंग्या याला उचलून बिळात नेत होत्या, पण मारत नव्हत्या." मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "टाकून दे बाहेर, हात धू." त्याने टाकून दिला. पुढे या तडकेश्वरच्या किड्याची हकीकत माझ्या वाचनात आली आणि काड्यापेटी आठवली. मुलाला विचारले, "कुठले रे ते बीळ?" तो म्हणाला, "आता नाही आठवत, बाबा."

तो किडा कदाचित अगदी साधा असेल. पण 'मारत नव्हत्या' हे त्याने पाहिले होते. त्या वयात ते पाहणे हीच मोठी गोष्ट, आणि मी ती पाहण्याआधीच झटकून टाकली.

लिग्नाइट हे जळण आहे. ते भट्टीत जाण्यासाठीच खणतात. कोणीतरी वाकून तो पिवळा खडा उचलला म्हणून आद्य गदाधर वाचला. ज्यांच्यासाठी कोणी वाकले नाही, ते धूर होऊन गेले. शाळेत येणाऱ्या काड्यापेट्यांचेही तसेच आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. मुलाने काड्यापेटी आणली, तर आधी ती उघडून पाहा. मग तीन प्रश्न विचारा: कुठे सापडला? कधी सापडला? काय करीत होता? उत्तरे वहीत लिहून घ्या. त्यासाठी वारूळ खणायची गरज नाही. एक साधे भिंग आणि बिळाच्या तोंडाशी अर्धा तास बसण्याची तयारी पुरे. आणि शेतकरी बंधूंनो, बांधावरच्या मुंग्यांची रांग ओलांडताना घटकाभर थांबा. सगळ्याच मुंग्या असतील असे नाही. एखादा आयता पाहुणाही त्यांच्या जबड्यात बसून चाललेला असेल. तो दिसला तर घरच्या मुलांना हाक मारा.