मोटारींत शिरणारें पाणी

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीच्या बांधाच्या पोटांत इ. स. १६१३ सालीं दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत पाणीमहाल उभा राहिला. बांधावरून पूर कोसळतो, तरी महाल कोरडा राहतो. कारण पाण्याला स्वतंत्र वाट दिलेली आहे.

मोटारीचेंही तसेंच आहे. दारांत शिरलेलें पाणी तळाच्या भोंकांतून, काचेखालचें पन्हळींतून बाहेर जावें, अशी योजना असते. ही वाट पाचोळ्यानें तुंबली, कीं आंतील गालिचा भिजतो.

ओल दिसते तेथेंच छिद्र शोधूं नये. गालिचा उचलून तळ कोरडा करावा. एकानें विजेरी घेऊन आंत बसावें. दुसऱ्यानें बाहेरून, खालून वर क्रमाक्रमानें पाणी सोडावें. पहिला थेंब वाट दाखवील. प्रथम तुंबलेली वाट मोकळी करावी, मग फाटलेलें रबर बदलावें. भोंकेंच बुजविलीं, तर पत्रा आंतून गंजेल.