चौदा इंजेक्शने आणि लसीचे सत्य

(नवापूर, जि. पालघर येथे ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लस टोचल्यावर शरीर स्वतःवरच उलटते, हे खरे काय, असा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनात आहे. उत्तर सरळ आहे : होय, क्वचित उलटते. 'असे काही नसतेच' असे सांगून लोकांना गप्प बसविण्याची रीत मला मान्य नाही. त्या रीतीनेच अफवांना बळ मिळते.

लस म्हणजे शरीराला शत्रूची ओळख करून देणे. परंतु शत्रूच्या रूपात आपल्याच एखाद्या पेशीशी साम्य असेल, तर संरक्षक फौज कधी कधी घरच्यांवरच शस्त्र उगारते. यालाच डॉक्टर 'ऑटोइम्यून' प्रतिक्रिया म्हणतात. तिचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या आजोबा-पणजोबांनी पोटावर सोसलेले आहे.

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती ज्येष्ठांना आठवत असेल. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौली येथे तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो फिनॉलने निष्प्रभ करायचा आणि मेंदूचाच तो द्राव रुग्णाला टोचायचा. परळच्या हाफकिनसह देशातील सरकारी संस्थांनी ती अनेक दशके पुरविली. तिच्या बळावर असंख्य माणसे वाचली, कारण रेबीजची लक्षणे एकदा उमटली की मृत्यू जवळजवळ अटळच. मात्र त्या द्रावात विषाणूबरोबर मेंढीच्या मज्जातंतूंवरील आवरणाचा अंशही असे आणि माणसाच्या मज्जातंतूंचे आवरण त्याच्याशी पुष्कळ मिळतेजुळते. परिणामी काही शेकडा ते काही हजार रुग्णांमागे एकाला, लस सुरू झाल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत पाय लुळे पडणे, लघवी अडणे, क्वचित मेंदूला सूज येणे असे विकार होत. काही पूर्ण बरे होत, काही कायमचे अधू होत, काही दगावत.

हा दोष वैद्यकाला ठाऊक होता, नोंदविलेलाही होता. म्हणूनच मेंदूऐवजी पेशींच्या संवर्धनावर विषाणू वाढवून लस करण्याचा मार्ग शोधला गेला. खेद एवढाच की, चांगली लस उपलब्ध झाल्यावरही मेंदूची लस आपल्याकडे २००४-०५ पर्यंत चालू राहिली. पैशाचा प्रश्न होता, हे मान्य. पण गरिबाने पोटावर सोसावे आणि ऐपतदाराने दंडावर चार-पाच सुया घ्याव्यात, ही विषमता त्या काळी फार थोड्यांना बोचली. आज ती लस नाही. दंडावर घ्यायची नवी लस सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. किनाऱ्यावर मासळी वाळत घालायची म्हटली की कुत्री येणारच. त्यांपैकी एखादे चावले, तर जुन्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने घरी बसू नका.

आता कोविडकडे वळू. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोव्हिशील्ड कोट्यवधी भारतीयांनी घेतली आणि स्वदेशात लस बनल्याचा सार्थ अभिमान सर्वांना वाटला. त्या अभिमानाला सत्याची भीती नसावी. या लसीनंतर अत्यंत थोड्यांच्या शरीरात रक्तातील बिंबिकांशी संबंधित एका स्वकीय प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. एकीकडे रक्ताच्या गुठळ्या, तर दुसरीकडे बिंबिकांची घट, असा तो विचित्र आजार. युरोपात त्याची ओळख मार्च-एप्रिल २०२१ मध्ये पटली. १७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ घटनांत अशा गुठळ्यांची शक्यता आढळली. म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० दिला होता. आपला आकडा इतका लहान असण्यात नोंदी कमी होण्याचाही वाटा असावा, असे माझे मत आहे. तरीही धोका दुर्मीळच ठरतो.

मग तो सांगण्याची गरज काय? तर उपचारासाठी. साध्या गुठळीवर डॉक्टर सर्रास हेपॅरिन देतात. या आजारात मात्र ते टाळून दुसरी औषधे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ज्या डॉक्टरला हा आजार ठाऊक आहे, त्यालाच वेळेवर हात आवरता येतो. माहिती दडपली तर रुग्णाचा जीव जातो.

दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत १९७६ साली स्वाइन फ्लूची लस चार कोटींहून अधिक लोकांना दिली गेली. त्यांत लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण गिलँ-बारे सिंड्रोमचा, म्हणजे मज्जातंतूंच्या ऑटोइम्यून पक्षाघाताचा, आढळला आणि मोहीम थांबविण्यात आली. हाच जीबीएस जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात पसरला. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण! तेथे लसीचा संबंध नव्हता. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटात संसर्ग करणारा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. लसीला घाबरणारा माणूस दूषित पाणी मात्र निर्धास्त पितो, याचे मला नवल वाटते.

राहिला प्रश्न ज्याच्या वाट्याला तो लाखांतला एक अपघात येतो त्याचा. लस आपण केवळ स्वतःसाठी घेत नाही, समाजासाठीही घेतो. मग त्याची किंमत एकट्या कुटुंबाने का मोजावी? ब्रिटनमध्ये १९७९ पासून लसीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यास भरपाई देणारा कायदा आहे. रक्कम १ लाख २० हजार पौंड. आपल्याकडे २०२२ साली केंद्राने सर्वोच्च न्यायालयात भूमिका मांडली की, पीडितांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. त्याच वर्षी मुलगी गमावलेल्या एका पित्याने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. एका बापाने पुराव्यांची जुळवाजुळव करीत वर्षानुवर्षे झगडावे, हे आपल्या कुटुंबवत्सल समाजाला शोभणारे नाही. कोणाची चूक होती हे सिद्ध करावे न लागता मदत मिळेल, अशी तरतूद व्हावी, असा आग्रह आपण लोकप्रतिनिधींकडे धरला पाहिजे.

तोवर एवढे करा. लसीचे कार्ड जपून ठेवा. लस घेतल्यावर महिन्याभरात पाय लुळे पडू लागले, तीव्र डोकेदुखी थांबेना, श्वास लागला किंवा पाय सुजला, तर रुग्णालयात जा आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता लसीचे नाव व तारीख सांगा. आणि कुत्रा चावल्यास आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटे धुवा, मग त्याच दिवशी लस घ्या.