महिना पाचशे रुपयांचे उच्च शिक्षण
(युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा सारांश)



1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. ते एका राजाचे औदार्य होते. त्यावर कोणाचा हक्क नव्हता. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाल्यावर बाबासाहेबांनी मागणी केली की, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा भार सरकारने उचलावा. 1944 मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. राजाच्या मर्जीची जागा राज्याच्या कर्तव्याने घेतली, हेच या योजनेचे खरे मोल.

त्या कर्तव्याचे पुढे काय झाले? डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी एकूण 59,048 कोटींची तरतूद मंजूर केली आणि तिचा 60 टक्के भार स्वतःकडे घेतला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु विद्यार्थ्याच्या हाती काय आले? 2021 च्या नियमावलीने वसतिगृहात राहून बी. ए. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता वर्षाला 6,000 रुपये ठरवला. घरून ये-जा करणाऱ्याचा 3,000. म्हणजे महिन्याला पाचशे आणि अडीचशे. त्यात आठवड्याची खाणावळ तरी भागते काय? पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवरच ठेवली गेली. 2019 मध्ये आर्थिक दुर्बल घटकांना आरक्षण देताना मात्र आठ लाखांची मर्यादा मान्य झाली होती. त्या घटकांशी आपले भांडण नाही; पण गरिबी मोजण्याची ही दोन मापे कशासाठी?

त्याहून घातक दोष वाटपाच्या रचनेत आहे. राज्याने आपला 40 टक्के हिस्सा दिल्याशिवाय केंद्राचा हिस्सा सुटत नाही. मुंबईत फाईल अडली की दिल्लीचा पैसाही अडतो. सरकारच्या लेखी तो केवळ विलंब असतो. शेतमजुराच्या मुलीच्या घरी मात्र तोच सावकाराचा उंबरठा असतो. वेळेवर न मिळालेला हक्क पुन्हा उपकारच होऊन बसतो.

म्हणून आपल्या मागण्या दोनच असाव्यात. भत्ता राहण्याजेवणाच्या खऱ्या खर्चावर ठरावा. आणि केंद्राचा हिस्सा राज्याची वाट न पाहता सत्राच्या आरंभी जमा व्हावा. आपसातला हिशेब दोन्ही सरकारांनी मागाहून मिटवावा.

तोवर आपण काय करायचे? तालुक्यातालुक्यातील वसतिगृहांत जा. कोणाची रक्कम किती महिने थकली आहे, याची यादी करा आणि ती घेऊन समाजकल्याण कार्यालयावर चला. हातात विनंतीअर्ज नको. थकबाकीचा हिशेब हवा.