शाळेतील संगणक मंडळ चालते ठेवण्यासाठी

उत्साही शिक्षकाची बदली झाली की शाळेचे संगणक मंडळ बहुधा बंद पडते आणि यंत्रांवर धूळ साचते. जोयडा तालुक्यातील नंदिगड्ड्यासारख्या, जंगलात विखुरलेल्या वस्त्यांच्या गावी ही हानी मोठी असते. कारण तेथील मुलास शाळेबाहेर संगणक लाभणे कठीण.

१९८४ साली केंद्र शासनाने ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे सुमारे २५० शाळांत संगणक पोहोचविण्यास प्रारंभ केला. परंतु यंत्र पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले, असे होत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून वेगळी वाट दाखविली. विद्यार्थ्याने गावाच्या उपयोगाचे काम करावे व त्यातूनच शिकावे, ही ती वाट होय. २००२ साली तेथेच संगणकचलित यंत्रांची ‘फॅब लॅब’ उभी राहिली.

बंद पडलेल्या मंडळासही हेच सूत्र लागू पडते. आठवड्याचा एक वार ठरवावा. जुन्या यंत्रांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी. मुलांसाठीची ‘स्क्रॅच’ इंटरनेटवाचूनही चालते. वीज गेल्यास पुढील कामाचा आराखडा वहीत मांडावा. मुलांनी पावसाची रोज नोंद ठेवून संगणकावर आलेख काढावा व तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नववीतील चिटणीसाने आठवीतील सोबत्यास वर्षभर तयार करावे आणि दहावीत जाण्यापूर्वी किल्ली व नोंदवही त्याच्या हाती सोपवावी. मग शिक्षक बदलले, तरी मंडळ थांबणार नाही.