एच. आय. व्ही. बाधित आणि ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मलकापूर येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-सूचक विभाग या विषयांवर दरवर्षी विचार मांडले जातात. यंदा कार्यकारी मंडळाने आमच्याकडे निराळा विषय सोपविला आहे : एच. आय. व्ही. बाधित माणसे आणि त्यांना आधार देणारे सामाजिक कार्य. विषयाचे नाव पुकारताच मागील रांगेतील काही भगिनींनी मुलांना अंगणात खेळावयास पाठविले, हे आम्ही पाहिले. त्यांचा संकोच आम्ही समजू शकतो. तथापि या संकोचानेच आजवर आपले पुष्कळ नुकसान केले आहे, आणि त्याविषयीच आज आम्हांस बोलावयाचे आहे.

प्रथम रोगासंबंधी थोडक्यात सांगतो. भारतात हा विषाणू प्रथम 1986 साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी केलेल्या तपासणीत आढळला. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि बाधित मातेकडून बालकाकडे, एवढेच त्याचे मार्ग आहेत. एका ताटात जेवल्याने, एका छपराखाली राहिल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. त्यावर समूळ उपाय अद्याप नाही. परंतु रोज नियमाने औषध घेणारा मनुष्य संसार करतो, शेती करतो, नोकरी करतो आणि नातवंडे पाहतो. औषधाने रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली गेले व तसेच टिकले, म्हणजे त्याच्यापासून जोडीदारास शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. गरोदर मातेस वेळीच औषध मिळाल्यास बहुतेक बालके निरोगी जन्मतात. सरकारने 1 एप्रिल 2004 पासून हे औषध मोफत देण्यास आरंभ केला, आणि आता ते घेण्यास दूरच्या शहरी जावे लागत नाही.

मग उरले काय? उरले ते आपण, म्हणजे समाज.

पोटासाठी मुंबई गाठणे ही सातारा-सांगलीकडील जुनी रीत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी ओझी वाहण्यास गेला. कोणी मालमोटारीवर चालक झाला. आपले मलकापूर तर पुणे-बंगळूर महामार्गावरच वसलेले आहे. या वाटांनी घरी पैसा आला, तसा 1990 नंतरच्या काळात हा रोगही आला. सांगली जिल्हा त्या वेळी देशातील अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत गणला जात होता. कर्ता पुरुष खंगून जाई, गावात कुजबुज होई, आणि तेराव्यानंतर सुनेला माहेरची वाट दाखविली जाई. जिने उंबरठा ओलांडला नव्हता, तिच्याच माथी दोष येई. अशी घरे आपल्याही ज्ञातीत होती. त्या घरांच्या पत्रिका आपण पाहिल्या, निमंत्रणे मात्र पाठविली नाहीत. आजार लपविणाऱ्यांस आपण दोष देतो. परंतु लपविणे त्यांना भाग पाडले कोणी, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही.

या काळात आपल्या शेजारी सांगलीत जे घडले, ते प्रत्येक ज्ञातिसंस्थेने अभ्यासावे असे आहे. 1992 साली श्रीमती मीना सेषू यांच्या पुढाकाराने संग्राम, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था, हिचे काम सुरू झाले. ते गोकुळनगर या वस्तीतील, देहविक्रय करून पोट भरणाऱ्या स्त्रियांमध्ये होते. त्या काळी अशा वस्तीकडे पाहण्याची सर्वमान्य दृष्टी एकच होती : रोगाचे मूळ तेथे आहे, यास्तव त्या स्त्रियांवर पहारा ठेवावा. संग्रामने उलट मार्ग धरला. बाहेरून उपदेशक आणण्याऐवजी त्याच स्त्रियांना माहिती देऊन कार्यकर्त्या केले. त्यांनी घरोघर निरोध पोहोचविले, गिऱ्हाइकास नकार कसा द्यावा हे एकमेकींस शिकविले, आजारी मैत्रिणीस दवाखान्यात नेले, आणि डॉक्टर टाळाटाळ करू लागल्यास तेथून हलल्या नाहीत. 1996 साली त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद, अर्थात व्हॅम्प, ही स्वतःची संघटना उभारली. पुढे त्यांच्यातील बाधित स्त्रियांनी आपला गट बांधला. सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडील निपाणीपर्यंत हे काम गेले. खेड्यातील ज्या सुना नवऱ्याच्या मागे निराधार झाल्या, त्यांच्या पाठीशीही संग्रामच्या कार्यकर्त्या उभ्या राहिल्या.

येथे एक प्रसंग सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकन सरकारचा एड्सनिवारणाचा निधी घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाचा धिक्कार करणारी प्रतिज्ञा लिहून द्यावी, अशी अट पुढे आली. ज्या स्त्रियांच्या खांद्याला खांदा लावून काम करावयाचे, त्यांचाच धिक्कार कसा करावा? संग्रामने 2005 च्या सुमारास त्या निधीवर पाणी सोडले. देणगीदाराच्या नावाची पाटी बसविण्यासाठी वर्षवर्ष खटपट करणाऱ्या आपणां संस्थाचालकांस यातून शिकण्यासारखे आहे.

काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, ‘‘अशा वस्तीचे उदाहरण ज्ञातीच्या संमेलनात कशाला? आपली घरे निराळी.’’ त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही विचारतो : आपल्यातला कोणी अंथरुणास खिळला तेव्हा आपण काय केले? बहुधा त्याच्या चुकीची चर्चा केली. त्या स्त्रियांनी आजाऱ्यास चूक विचारली नाही, पाणी विचारले. ज्यांना आपण आपल्या पंगतीत पान मांडले नसते, त्यांच्याकडून सेवेचा धडा घ्यावा लागणे यात कमीपणा नाही. तो न घेण्यात आहे.

आपल्या मातीला ही शिकवण नवी नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच साथीने गेल्या. प्लेग तर स्पर्शाजवळचा रोग. त्यांनी रुग्णाला पाठीवर घेतले. हा विषाणू स्पर्शाने येत नाही, तरी आपण कपबशी वेगळी ठेवतो. येथून जवळच, कराड तालुक्यातील काले येथे, 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांचे अन्न एका चुलीवर शिजविले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील किती मुले त्या संस्थेमुळे शिकली, हे आपण जाणताच.

आता कायद्याची गोष्ट. एच. आय. व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2017 साली संमत झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. संमतीवाचून कोणाची चाचणी करू नये, एखाद्याची बाधा त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचे घर यांत भेदभाव करू नये, असे तो सांगतो. बाधित कुटुंबातील स्त्रीला आणि अज्ञान मुलांना राहत्या घरात राहण्याचा हक्क तो देतो. म्हणजे विधवा सुनेला घराबाहेर काढणे हा आता नुसता निर्दयपणा नव्हे, तो कायद्याचाही भंग आहे. आईबाप गेलेल्या घरात बारा वर्षांवरील समंजस बहीण किंवा भाऊ धाकट्या भावंडांचा पालक म्हणून शाळाप्रवेश, औषधोपचार आणि बँकेचे काम पाहू शकतो, अशीही त्यात तरतूद आहे. ज्याने कायदा लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे अशी घरे असली पाहिजेत.

त्याचबरोबर, दुसऱ्यास संसर्ग होऊ नये म्हणून योग्य ती काळजी घेण्याचे कर्तव्य हाच कायदा बाधितावर ठेवतो. विवाहाच्या बाबतीत दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. होणाऱ्या जोडीदारापासून सत्य लपविणे हा अन्याय आहे. आणि ते सत्य ज्ञातीत पसरविणे हा त्याहून कमी अन्याय नाही. सांगावयाचे ते एका माणसाला, गावाला नव्हे.

यास्तव मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली : वधूवर-सूचक विभागाच्या अर्जात या रोगाचा रकाना घालू नये, परंतु दोन्ही पक्षांनी विवाहापूर्वी स्वेच्छेने तपासणी करून एकमेकांस सांगावे, असा सल्ला प्रत्येक कुटुंबास द्यावा. बाधित तरुण-तरुणींचे स्वतंत्र वधूवर मेळावे महाराष्ट्रात भरतात. इच्छुकांस त्यांची माहिती खाजगी रीतीने द्यावी. दुसरी : शिष्यवृत्तीच्या अर्जात पित्याच्या मृत्यूचे कारण विचारू नये. तिसरी : औषध आणण्याच्या दिवशी मजुराची मजुरी बुडते, त्यासाठी लहानसा निधी असावा, आणि लाभ घेणाऱ्याचे नाव एका विश्वस्ताखेरीज कोणास कळू नये. देणगीदारांची नावे आपण या अंकात छापतो. या निधीच्या लाभार्थींची यादी मात्र कधीही छापली जाऊ नये. चौथी : 1097 हा मोफत मदतीचा दूरध्वनी क्रमांक मंडळाच्या सूचनाफलकावर कायम लिहिलेला असावा.

मलकापूरने चोवीस तास पाणी देण्याची योजना राबविली तेव्हा, हे आपल्याच्याने होणार नाही, असे म्हणणारे थोडे नव्हते. ते काम नळ, मीटर आणि पैशाचे होते, तरी झाले. आज आम्ही मागतो त्यास पैसा फारसा लागत नाही. तोंड आवरावे लागते आणि हात पुढे करावा लागतो. या चार सूचनांचा ठराव आजच्याच सभेत मांडावा, अशी अध्यक्षमहाराजांस आमची नम्र विनंती आहे. आणि संध्याकाळी पंगत बसेल तेव्हा, बरीच वर्षे संमेलनास न आलेले आपल्या ओळखीचे कोणते घर आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा. कारण विचारू नये. पुढच्या वर्षीचे आमंत्रण स्वतः जाऊन द्यावे.